पारदर्शक, पारदर्शी, पारभासी, की सरळ दुधी?

अनुस्वार (धागाकर्ती)

मंडळी, एका भांडणात मदत हवी आहे. भांडण माझं आणि एका तपासनिसाचं. तो मला कधी भेटलेला नाही, फक्त तांबड्या अक्षरांत टिपा पाठवतो.

मी घरबसल्या भाषांतराची कामं करते. सध्या हातात खिडक्या, दारं आणि न्हाणीघराचे आडोसे विकणाऱ्या एका कारखान्याचा कॅटलॉग आहे. त्यात काचा आणि प्लास्टिकचे पत्रे यांचे तीन ढीग पाडलेत. पलीकडचं लख्ख दिसतं ते पहिल्या ढिगात. उजेड येतो पण माणूस ओळखू येत नाही ते दुसऱ्यात. काहीच येत नाही ते तिसऱ्यात. शाळेत शिकलेले शब्द मी डोळे मिटून लिहिले: पारदर्शक, अर्धपारदर्शक, अपारदर्शक. मजकूर परत आला तर सगळ्या 'पारदर्शक'चं 'पारदर्शी' झालेलं आणि 'अर्धपारदर्शक'च्या जागी 'पारभासी'. शेजारी टीप, 'मानक शब्द वापरावेत.'

'पारदर्शी' मी खोडणार हे नक्की. पण खोडायला कारण द्यावं लागतं, आणि 'कानाला बरं वाटत नाही' हे कारण तिकडे चालत नाही. 'पारभासी' वाचून आधी हसू आलं. दोन दिवसांनी मात्र वाटायला लागलं की खोट माझ्याच शब्दात आहे. अर्धपारदर्शक म्हणजे नेमकं काय अर्धं?

तुम्ही काय लिहिता, दुकानात काय म्हणता, आजी काय म्हणायची, सगळं चालेल.

कडेपठार

पारदर्शक. विषय संपला. तपासनिसाला सांगा, मराठी शिकून ये.

अवग्रह

कडेपठार, इतक्या लवकर संपवू नका, माझी निवृत्ती नुकतीच सुरू झाली आहे.

अनुस्वारताई, तुम्हाला कारण हवंय ना? 'पार' म्हणजे पलीकडचा काठ. 'पैलपार', 'पार करणे' यातला तोच. आता 'दर्शक' आणि 'दर्शी' मराठीत कसे वागतात ते पाहा. मार्गदर्शक, दिशादर्शक, निदर्शक हे सगळे *दाखवणारे*. दूरदर्शी, प्रत्यक्षदर्शी, त्रिकालदर्शी हे सगळे *पाहणारे*. अपघाताच्या बातमीतला प्रत्यक्षदर्शी अपघात पाहतो, दाखवत नाही. काच पलीकडचं दाखवते, स्वतः काही पाहत नाही. म्हणून काच पारदर्शक. पारदर्शी असला तर एखादा ऋषी असेल.

हिंदीत ही वाटणी वेगळी आहे. तिकडे 'दर्शक' म्हणजे प्रेक्षक. टीव्हीवरची निवेदिका 'प्रिय दर्शकों' म्हणते ती आपल्याला उद्देशून. यंत्राची नावंही पाहा. त्यांचं सूक्ष्मदर्शी, आपलं सूक्ष्मदर्शक. त्यांची पारदर्शिता, आपली पारदर्शकता. फरक एका शब्दापुरता नाही, दोन भाषांनी दोन वेगळे प्रत्यय धरले आणि शेवटपर्यंत धरून ठेवले. तपासनिसाला 'सूक्ष्मदर्शक'चं उदाहरण द्या, तोही मुकाट बसेल.

एक प्रामाणिक कबुली: संस्कृतच्या नियमानं 'पारदर्शी'चा अर्थ 'दाखवणारा' करताच येत नाही असं नाही. हिंदीवाले चुकलेत असं म्हणायला जाऊ नका. मराठीची घडी वेगळी आहे, एवढंच म्हणा.

अवांतर: पलीकडचा काठ *पाहिलेल्या* माणसासाठी संस्कृतात सुरेख शब्द आहे, पारदृश्वा. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात गुरुदक्षिणेचे चौदा कोटी मागायला कौत्स येतो. विश्वजित यज्ञात रघूनं सगळं वाटून टाकलेलं, हातात मातीचं भांडं. तरी तो म्हणतो, 'श्रुतपारदृश्वा' याचक माझ्याकडून रिकाम्या हातानं दुसऱ्याकडे गेला, हा डाग मला नको. विद्येचा पैलतीर पाहून आलेला, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे हा शब्द उतरला नाही. 'पारंगत' उतरला, तो पैलतीराला जाऊन पोचलेला.

नुसताच_वाचक

काका, मग 'पारदर्शी कारभार' असं बातम्यांत येतं, तो ऋषींचा कारभार म्हणायचा का?

अवग्रह

तो भाषांतर करणाऱ्याच्या घाईचा कारभार.

लंबक

मला व्याकरणातलं कळत नाही, पण ताईंच्या दुसऱ्या प्रश्नानं झोप उडवली. अर्धं काय?

मोटारीच्या काचांचं उदाहरण घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १००व्या नियमाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मवर बंदी आणली ती याच नियमाच्या आधारानं. आता ५० टक्के प्रकाश सोडणारी काच शब्दशः 'अर्ध' झाली की नाही? पण त्या काचेतून रस्त्यावरच्या पाटीचं अक्षर न् अक्षर वाचता येतं. ती पारदर्शकच आहे, फक्त सावळी आहे.

उलट न्हाणीघराच्या खिडकीची खरखरीत काच घ्या. ती साध्या काचेच्या जवळपास तितकाच प्रकाश आत सोडते. कपात फारशी नाहीच. तरी पलीकडे कोण उभं आहे ते कळत नाही, कारण प्रकाशाची *ओळ* मोडते. सरळ आलेले किरण पृष्ठभागावरच्या बारीक खाचांतून वाटेल त्या दिशांना फुटतात. पोस्टातून पत्रं सगळी निघाली पण पत्ते पुसले गेले, अशी गत.

म्हणजे एक गोष्ट 'किती प्रकाश येतो' ही आणि दुसरी 'तो ओळीत येतो की विस्कटून' ही. 'अर्धपारदर्शक' ऐकलं की माणूस पहिलीचा विचार करतो आणि शब्द मात्र दुसरीसाठी वापरलेला असतो. खोट आहे ती इथे. तुमच्या तपासनिसाला निम्मे गुण द्या.

घरच्या घरी बघायचं तर खडीसाखरेचा चांगला खडा उजेडात धरा, पलीकडचं बोट दिसेल. तोच खडा खलबत्त्यात कुटा, पांढरी पिठी होते. पदार्थ तोच, रंग घातलेला नाही, फक्त हवा आणि साखर यांच्यात हजारो सीमा तयार झाल्या आणि प्रत्येक सीमेवर प्रकाश वळला. वडापावच्या कागदाला तेल लागलं की तेवढ्या भागातून अक्षरं दिसायला लागतात ती याची उलटी गोष्ट. कागदाच्या तंतूंमध्ये हवा होती तिथे तेल शिरलं. तेल आणि तंतू प्रकाशाला जवळजवळ सारखंच वळवतात, म्हणून सीमा पुसल्या गेल्या. कागद पातळ झालेला नाही की घासला गेलेला नाही.

ओटीवरून

लंबक, म्हणजे पावसात भिजलेलं पांढरं कापड आरपार दिसतं तेही यातलंच का? पाण्यानं अंगाला चिकटतं म्हणून दिसतं असं मी समजत होते.

लंबक

दोन्ही कारणं खरी, तुमचंही. धाग्यांच्या मधली हवा जाऊन पाणी आलं की विखुरणं कमी होतं. आणि चिकटलेली वस्तू जास्त दिसते हा वेगळाच मुद्दा आहे. दुधी काचेला पलीकडून बोट टेकवा, बोटाची कड दिसेल. बोट वीतभर मागे घ्या, ढग होईल. बटर पेपरवर चित्र गिरवता येतं ते यामुळेच, खालचं चित्र कागदाला टेकलेलं असतं. हेच चित्र हातभर खाली धरलं तर? म्हणजे हा गुण नुसता कागदाचाही नाही, वस्तू किती लांब आहे त्याचाही आहे. 'अर्ध'मध्ये हे कुठे बसवणार?

काचेचा_हिरा

वाचतोय मजेनं. आमचं काचेचं दुकान आहे, वडिलांपासून. तुमच्यातला एकही शब्द आमच्या गल्ल्यावर कधी पडलेला नाही.

गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, 'बाथरूमला काच पाहिजे, आतलं दिसायला नको.' आम्ही विचारतो, फ्रॉस्टेड लावू की पिनहेड? पिनहेड म्हणजे ज्याच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे उठाव असतात ती. जुनी माणसं 'दुधी काच' म्हणतात, कारागीरही म्हणतात. साधी ती 'प्लेन'. घट्ट रंगवलेली ती 'लॅकर'. 'पारदर्शक' म्हणणारं गिऱ्हाईक मी एकदाच पाहिलं, ते मराठीचे मास्तर होते आणि त्यांना कपाटाला काच हवी होती.

ताई, कॅटलॉग लिहिताय तर दोन गोष्टी त्यात टाका, शब्द कुठलाही वापरा. खरखरीत केलेल्या काचेला ओला हात लावला की तेवढी जागा आरपार होते. वर सेलोटेप चिकटवला तरी होते. (लंबक यांनी तेलाच्या कागदाचं सांगितलं ते वाचून आज कारण कळलं, तीस वर्षं नुसतं करत होतो.) म्हणून खरखरीत बाजू पाण्याच्या अंगाला लावत नाहीत. नवीन पोरं बेधडक उलटी बसवतात आणि मग फोन येतो.

दुसरं, 'वन वे' काच. दिवसा बाहेरून आतलं दिसत नाही म्हणून लोक खूश असतात. रात्री आत दिवा लागला आणि बाहेर अंधार झाला की सगळा खेळ उलटतो. काच एकाच दिशेची नसतेच, ज्या बाजूला उजेड जास्त ती बाजू दिसते. त्याला तुम्ही काय म्हणणार? वेळेनुसार पारदर्शक?

फोडणी

माझ्या डोक्यात पहिल्या प्रतिसादापासून कांदा आहे.

हल्लीच्या पाककृतींत 'कांदा पारदर्शक होईपर्यंत परता' असं सर्रास असतं. आमच्या घरात कांदा मऊ व्हायचा, गुलाबी व्हायचा, मग बदामी. पारदर्शक कधी झाला नाही. तरी काहीतरी होतं हे खरं. कच्च्या कांद्याचा पांढरेपणा जातो आणि पाकळी ओलसर काचेसारखी दिसायला लागते. आई त्याला 'कांदा उतरला' म्हणायची. हा शब्द आणखी कुणाच्या घरी होता का माहीत नाही.

साबुदाण्याचं मात्र सगळीकडे एकच. खिचडीत पांढरा ठिपका राहिला तर कच्चा, दाणा काचेसारखा झाला तर शिजला. खिरीत तर तो इतका काचेसारखा होतो की चमच्यात शोधावा लागतो. चिकवड्या उन्हात वाळल्या की पलीकडचं पातळ दिसतं. कुणी 'साबुदाणा पारभासी झाला' म्हटलं तर मी गॅस बंद करून निघून जाईन.

कडेपठार

फोडणीताई +१. 'पारभासी' हिंदीतून उचललेला आहे आणि उचललेलं परत करावं.

गारगोटी

कडेपठार, उचललेला असेल तर आजचा नाही. वाईच्या मराठी विश्वकोशातली खनिजांवरची कुठलीही नोंद काढा. पहिला खंड १९७६चा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक. खनिजाच्या नोंदीचा एक ठरलेला साचा असतो: कठिनता, वि. गु. (म्हणजे विशिष्ट गुरुत्व), रंग, कस (घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग), चमक, आणि मग 'पारदर्शक ते पारभासी'. मी भूविज्ञान मराठीतून वाचायला लागलो तेव्हा हा शब्द तिथेच भेटला. त्यामुळे मला तो परका वाटत नाही, उलट 'अर्धपारदर्शक' शाळकरी वाटतो.

आणि महाराष्ट्रातल्या माणसाला हा फरक हातात धरून बघता येतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात पोकळ्या असतात, त्यांत स्फटिक वाढलेले सापडतात. पुण्याच्या पाषाण भागातल्या खाणीतून निघालेला हिरवा अ‍ॅपोफिलाइट जगभरच्या संग्रहांत आहे. त्याच्या चांगल्या स्फटिकातून पलीकडचं दिसतं, कोपऱ्यावर पाण्याच्या थेंबासारखा. त्याच्याच शेजारी चिकटलेला गुलाबी स्टिल्बाइट मात्र गाभुळलेल्या उजेडाचा, टॉर्च धरला तर आतून पेटल्यासारखा होतो पण पलीकडचं काही दिसत नाही. एक पारदर्शक, दुसरा पारभासी. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दोन्ही बघायला मिळतात. तिथे काचेबाहेर उभं राहिलात तर 'अर्ध' हा शब्द सुचणारच नाही.

अवग्रह

गारगोटी, छान. मी एक भर घालतो. संस्कृतात 'भास्' म्हणजे प्रकाशणं, म्हणून भास्कर. मराठीत मात्र 'भास' म्हणजे वाटणं, आहे की नाही कळेना असं दिसणं. 'पारभासी' घडवताना पहिला अर्थ डोळ्यांसमोर असणार, पलीकडचा उजेड येतो तो. पण मराठी कानाला दुसराही लागतो. पलीकडे कुणीतरी असल्याचा भास होतो, इतकंच. दुधी काचेचं याहून नेमकं वर्णन काय करणार? इथे शब्द मराठीत येऊन जास्त चांगला झाला आहे. कडेपठार, परत करू नका.

कडेपठार

भासापुरता सहमत.

झिरझिरीत_दुपार

माझं नाव घ्यायच्या आत मीच येते.

कापडाच्या जगात 'पारदर्शक' म्हटलं की दुकानातली बाई हसते. तिथे झिरझिरीत असतं, तलम असतं, विरळ असतं, आणि ही तिन्ही वेगळी आहेत. तलम म्हणजे सूत बारीक आणि पोत मऊ. तलम कापड घट्ट विणलेलं असलं तर आतलं दिसेलच असं नाही. विरळ म्हणजे धाग्यांत अंतर. झिरझिरीतमध्ये दिसणं आलं आणि थोडी नापसंतीही आली. सासूबाई 'झिरझिरीत आहे गं' म्हणाल्या की ब्लाउजला अस्तर लागणार हे समजावं. आणि आपोआप आरपार झालेल्या कापडाला तर वेगळाच शब्द आहे, विरलेलं. आजीचं धुऊन धुऊन विरलेलं लुगडं. त्यातून दिसायचं, पण त्याला झिरझिरीत म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. त्याची दुपटी व्हायची.

बांधावरून

मी शेतकरी माणूस, पॉलीहाऊस आहे. आमच्याकडे या सगळ्याला एकच शब्द, कागद. शेततळ्याचा कागद, पॉलीहाऊसचा कागद, मल्चिंगचा कागद. सगळं प्लास्टिक. शहरातला पाहुणा आला की विचारतो, कागद पावसात टिकतो कसा?

पण कुठल्या कागदातून काय जातं यावर आमचा पैसा उभा आहे. वरचा कागद २०० मायक्रॉनचा. एकदम स्वच्छ घेतला तर आत सांगाड्याच्या सावल्या पडतात, एका झाडाला चटका आणि शेजारचं अंधारात. दुधाळ घेतला तर उजेड फुटून सगळीकडून येतो, खालच्या पानालाही मिळतो. लंबक म्हणतात ते विस्कटणं आम्ही जादा पैसे देऊन विकत घेतो!

कलिंगडाला अंथरायचा तो वरून चंदेरी, खालून काळा. त्यातून उजेड जाताच कामा नये, गेला तर खाली तण माजतं. आणि रोपवाटिकेचे वाफे उन्हाळ्यात तापवून किडी-रोग मारायचे असतील तर उलट, स्वच्छ पारदर्शकच हवा. माती ओली करायची, कागद घट्ट अंथरायचा, कडा मातीनं दाबायच्या आणि चार-सहा आठवडे सोडून द्यायचं. पहिल्यांदा मी काळा घातला होता. काळा तापतो म्हणून हुशारी केली. तर कागदच तापला, माती हवी तेवढी तापली नाही. पारदर्शकातून ऊन थेट मातीला लागतं.

लंबक

बांधावरून, तुमच्या एका प्रतिसादात माझं अख्खं सत्र झालं.

यावरून एक राहिलेलं सांगतो. 'पारदर्शक' म्हणताना आपण 'माणसाच्या डोळ्याला' हे शब्द गिळतो. साधी काच दृश्य प्रकाश सोडते, पण तापलेल्या वस्तूंतून निघणारे अवरक्त किरण बहुतेक अडवते. उन्हात उभी केलेली गाडी भट्टी होते त्यात याचा वाटा आहे. जर्मेनियमची चकती हातात घेतली तर धातूचा चकचकीत तुकडा वाटेल, पलीकडचं काडीमात्र दिसणार नाही. पण उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची भिंगं त्याचीच करतात, कारण त्या किरणांना ते पारदर्शक आहे. म्हणजे काच त्या कॅमेऱ्यापुढे धरली तर ती भिंत ठरते आणि जर्मेनियम खिडकी ठरतं. कॅटलॉगमध्ये हे नको, पण मला कुणाला तरी सांगायचं होतं.

जुवारीकाठ

गोव्यातून लिहितोय. काच आली त्याच्या आधी खिडकीला काय होतं हे कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो.

आमच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपले बसवलेले असत. साधे नव्हेत, चपटे, जवळजवळ गोल आणि इतके पातळ की उजेड आत येतो. ते चौकोनी कापून लाकडाच्या बारीक पट्ट्यांमधल्या खाचांत एकावर एक सरकवत बसवायचे. शास्त्रीय नाव प्लाकुना प्लासेंटा, जुवारीच्या मुखाकडे चिखलीच्या खाडीत हा शिंपला अजून सापडतो. फिलिपिन्समध्येही त्याच्या खिडक्या करतात, तिकडे त्याला कापीझ म्हणतात.

आजोबांच्या घरात अशा दोन खिडक्या राहिल्यात. बाहेर टळटळीत दुपार असली तरी आत चांदणं पडल्यासारखा उजेड असतो. बाहेरचं दिसत नाही, बाहेरच्याला आतलं दिसत नाही, आणि डोळ्यांना त्रास नाही. एक शिंपला फुटला तेव्हा सुतारानं तिथे काचेचा तुकडा लावला. खोलीत तेवढाच एक पांढरा डाग पडायला लागला, सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायचा. शेवटी काचेवर बटर पेपर चिकटवला.

ओटीवरून

आमच्या कोकणात भिंतीला नाही, डोक्यावर होतं! कौलांच्या रांगेत मध्येच एक काचेचं कौल. माजघरात, न्हाणीत, एखादं देवघराच्या वर. सकाळी उन्हाचा तुकडा भिंतीवर असायचा, मग जमिनीवर उतरायचा. उखळापाशी आला की आजी भाताचं आधण ठेवायची. त्या उन्हात धुराचे पदर फिरताना दिसत. वर माकडं नाचली की पहिल्यांदा काळजी काचेच्या कौलाची, बाकीची फुटली तर फुटोत.

त्याला 'पारदर्शक कौल' कुणीही म्हटलं नाही. खरं तर त्यातून आभाळ दिसत नसेच, वर शेवाळ आणि पानं. काम उजेडाचं.

शून्य_एक

संगणकाच्या मराठीकरणात हा शब्द मला वेगळाच चावला आहे. एखादी यंत्रणा 'ट्रान्सपरंट' आहे असं आमच्यात म्हणतात तेव्हा अर्थ असतो: ती मध्ये आहे, पण वापरणाऱ्याला तिची जाणीवही होत नाही. आत काय चाललंय ते *दिसत नाही*. आणि कारभार पारदर्शक म्हणतात तेव्हा अर्थ असतो: आत काय चाललंय ते *सगळं दिसतं*. दोन्ही ठिकाणी मराठीत 'पारदर्शक' लिहिलं की वाचणारा बरोब्बर उलटं समजतो. मी हल्ली पहिल्यासाठी 'वापरणाऱ्याच्या नकळत' असं लिहून मोकळा होतो.

नुसताच_वाचक

अरे, हे भारी आहे. म्हणजे अवग्रहकाकांच्या व्याख्येनं, पलीकडचं दाखवणारी आणि स्वतः न दिसणारी ती पारदर्शक, तर संगणकवालेच बरोबर आणि सरकारच चूक!

अवग्रह

शब्दाच्या पोटात पाहिलं तर हो. काच चांगली असेल तर काच दिसत नाही. मयसभेत दुर्योधनाची फजिती झाली ती यामुळेच. स्फटिकाची जमीन त्याला पाणी वाटली, पाणी त्याला जमीन वाटलं, आणि बंद स्फटिकाच्या दारावर कपाळ आपटलं. मॉलच्या दारांवर हल्ली ठिपक्यांची पट्टी चिकटवतात ती मयासुराला सुचली असती तर पुढचं महाभारत टळलं असतं का, यावर वेगळा धागा काढा.

कारभाराच्या बाबतीत 'पार' म्हणजे भिंतीपलीकडचं समजायचं. भिंत कार्यालयाची, पलीकडे फायली. तसं धरलं तर शब्द बसतो. भिंत काचेची करा, फायली दिसू द्या.

नुसताच_वाचक

माहितीचा अधिकार आपल्या राज्यात २००२ला आला, देशात २००५ला. मी तेव्हापासून अर्ज करतोय. माझ्या अनुभवानं भिंत दुधी आहे. आत कुणीतरी हालचाल करतंय एवढं कळतं.

काचेचा_हिरा

ओला हात लावून बघा.

लंबक

😂 धागा वसूल.

फोडणी

दिवाळीचं कुणी बोललंच नाही. आकाशकंदिलाला जिलेटीन पेपर लावला की आतला बल्ब रंगीत दिसतो, वायरीसकट. पतंगी कागद लावला की बल्ब दिसत नाही, कंदील पेटतो. आमच्या चाळीत यावरून दर वर्षी दोन तट पडायचे. मी पतंगीवाली.

झिरझिरीत_दुपार

मीही पतंगी. जिलेटीन फक्त करंज्यांना.

अनुस्वार (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, तीन दिवसांत मी काम कमी आणि धागा जास्त वाचला.

केलं ते सांगते. 'पारदर्शी' सगळीकडून काढून 'पारदर्शक' केलं आणि टिपेत अवग्रहकाकांचं सूक्ष्मदर्शक-सूक्ष्मदर्शीचं जोडपं दिलं. ते बिनबोभाट मान्य झालं! मागच्या तक्त्यात, जिथे जाडी, वजन, किती टक्के प्रकाश जातो असे रकाने आहेत, तिथे 'पारभासी' राहू दिला. कडेपठार, माफी असावी. गिऱ्हाईक जी पानं वाचणार तिथे 'दुधी काच', 'दुधी पत्रा'. सावळ्या काचांना 'रंगछटेची पारदर्शक काच' असं लिहिलं, लंबक यांच्या मोटारीमुळे. 'अर्धपारदर्शक' आता अख्ख्या कॅटलॉगमध्ये नाही. काचेचा_हिरा यांची ओल्या हाताची सूचना चौकटीत टाकली. कारखान्याकडून विचारणा आली की ही मूळ मजकुरात नाही, कुठून आणली? मी म्हटलं, तीस वर्षांच्या अनुभवातून. ठेवली त्यांनी.

आज सकाळी तपासनिसाची शेवटची तांबडी टीप आली. पान १४, 'दुधी काच'च्या खाली रेघ: 'कृपया तपासा. दुधी ही भाजी आहे ना?'

फोडणी

त्याला हलवा पाठव.

कडेपठार

शिजवताना पारदर्शक होईपर्यंत परतायला सांग.